टंगस्टन हेवी अलॉयचं पहिलं ड्रॉइंग आलंय? आधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा: सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) असलेलं छोटं जॉब शॉप. रोजचं काम ईएन-८ स्टील, एसजी आयर्न (बिडाचा चिवट प्रकार) आणि ॲल्युमिनियमचं. एका ग्राहकाकडून ६० मिमी व्यासाच्या, २५ मिमी जाडीच्या चकतीचं ड्रॉइंग आलंय. मधोमध १२ मिमीचं आरपार भोक, चार एम६ चे आटे, आणि मटेरियलच्या रकान्यात फक्त एवढंच: 'टंगस्टन अलॉय, घनता किमान १७' (घनता ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरमध्ये, पुढेही तशीच). हे आपल्या मशीनवर होईल का, दर लावताना काय धरायचं, आणि हे मटेरियल एरवी लागतं कुठे?

मशीनवर होईल. काम नाकारायचं कारण नाही. पण मटेरियलची ऑर्डर देण्याआधी त्या रकान्यातल्या चार शब्दांचा निकाल लावून घ्या, कारण या धंद्यात पैसे लेथवर बुडत नाहीत, चुकीचा ब्लँक (कापण्याआधीचा कच्चा तुकडा) आणला की बुडतात.

टंगस्टन म्हटलं की शॉपमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर इन्सर्ट येतो. इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकावरचा बदलता कापणारा तुकडा, टंगस्टन कार्बाइडचा असतो, कोबाल्टने बांधलेला. त्याची कडकपणाची मोजणी रॉकवेलच्या ए मापावर (एचआरए) ९० च्या आसपास, आणि त्याला आकार द्यायचा तर डायमंड व्हील नाहीतर स्पार्क (ठिणगीने धातू कोरणारं ईडीएम मशीन). तुमच्या ड्रॉइंगमधलं मटेरियल ते नाही. ६ टक्के कोबाल्टच्या कार्बाइडची घनता १४.९ च्या आसपास असते, तेव्हा '१७' या आकड्यानेच कार्बाइड बाद होतं. हे टंगस्टन हेवी अलॉय आहे: ९० ते ९७ टक्के टंगस्टन धातू, उरलेलं निकेल आणि लोखंड, किंवा निकेल आणि तांबं. कडकपणा रॉकवेलच्या सी मापावर (एचआरसी) साधारण २५ ते ३२, कार्बाइडपेक्षा कितीतरी मऊ. म्हणजे ज्या इन्सर्टला तुम्ही टंगस्टन म्हणता, त्याच इन्सर्टने हे टंगस्टन कापायचं आहे.

मग शुद्ध टंगस्टनच का नको? त्याची घनता १९.२५, वितळणबिंदू ३४२२ अंश, कागदावर सगळं भारी. पण सर्वसाधारण तापमानाला ते काचेसारखं वागतं. दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवल्याशिवाय त्याला लवचिकपणा येत नाही, आणि ड्रिल आरपार निघताना कड ढलपीसारखी उडते. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये रेडियम ठेवायच्या भांड्यांसाठी हेवी अलॉय पुढे आलं ते यातूनच वाट काढायला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रचना राजगिऱ्याच्या लाडवासारखी दिसते: टंगस्टनचे गोल दाणे, प्रत्येकी ३०-४० मायक्रॉनचे, आणि त्यांना धरून ठेवणारा निकेल-लोखंडाचा मऊ पाक. ९० टक्क्यांच्या ग्रेडमध्ये पाक भरपूर, म्हणून ती चिवट. ९७ टक्क्यांत गूळ कमी पडतो, आणि मग लाडू फुटतो.

ग्रेड ठरवताना एएसटीएम बी७७७ हे मानक हाताशी ठेवा. त्यात चार वर्ग आहेत. वर्ग १ मध्ये ९० टक्के टंगस्टन, घनता १६.८५ ते १७.२५. वर्ग २ मध्ये ९२.५ टक्के, १७.१५ ते १७.८५. वर्ग ३ म्हणजे ९५ टक्के, १७.७५ ते १८.३५. वर्ग ४ म्हणजे ९७ टक्के, १८.२५ ते १८.८५. आता तुमच्या ड्रॉइंगकडे परत बघा. 'किमान १७' लिहिलंय. पुरवठादार वर्ग १ देऊ करेल, कारण बोलीभाषेत वर्ग १ म्हणजेच 'सतराचं मटेरियल'. पण १६.९ घनतेचा ब्लँक वर्ग १ मध्ये शंभर टक्के बसतो आणि तुमच्या ड्रॉइंगमध्ये नापास होतो. एक तर वर्ग २ घ्या, नाहीतर ग्राहकाकडून '१६.८५ चालेल' असं लेखी घ्या. फरक एका टक्क्याचा आहे, पण बॅलन्सिंगचं काम असेल तर तपासणीत तोच एक टक्का पकडला जातो.

दुसरा प्रश्न चुंबकाचा. निकेल-लोखंडाची जात चुंबकाला थोडी ओढ दाखवते, निकेल-तांब्याची दाखवत नाही. तांब्याची जात कमकुवत असते. मानकातच वर्ग १ साठी किमान ताणक्षमता ७५८ एमपीए आणि लांबण (तुटण्याआधी ताणून किती वाढतं ते) ५ टक्के मागितलेली आहे, तर त्याच वर्गाच्या अचुंबकीय मालाला ६४८ एमपीए आणि २ टक्के चालतात. तेव्हा सेन्सर, जायरो, एमआरआय किंवा रेडिएशन मशीनच्या जवळचा भाग नसेल तर तांब्याची जात घेऊ नका. ड्रॉइंग गप्प असेल तर विचारा.

ब्लँक कसा बनतो हे थोडं माहीत असलं की पुरवठादाराशी बोलताना बरं पडतं. काही मायक्रॉनची टंगस्टन पूड, त्यात निकेल आणि लोखंडाची पूड बहुतेक ७ ला ३ या प्रमाणात, दाबून आकार देतात आणि हायड्रोजनच्या भट्टीत १४६० ते १५०० अंशांना नेतात. निकेल-लोखंड वितळतं, टंगस्टन वितळत नाही. या टप्प्यावर तुकडा प्रत्येक दिशेने जवळजवळ पाचव्या हिश्शाने आकसतो आणि मोठा असेल तर स्वतःच्या वजनाने बुडाशी फुगतो. त्यामुळे सिंटर केलेला, म्हणजे असा भट्टीत घट्ट केलेला, गोल ब्लँक खरा गोल नसतो. ६० चा तयार व्यास हवा असेल तर '६० साठी साफ होईल असा' ब्लँक मागा, नुसता ६२ चा नको. शेवटी निर्वात भट्टीत तापवून आत अडकलेला हायड्रोजन काढावा लागतो. ही पायरी गाळली तर घनता आणि कडकपणा दोन्ही बरोबर येतात, फक्त तुकडा ठिसूळ राहतो. म्हणून टेस्ट सर्टिफिकेटवर सगळ्यात आधी लांबणीचा आकडा बघावा. भट्टीचं काम नीट झालंय की नाही हे तो सांगतो, घनता सांगत नाही.

घनता मात्र तुम्ही स्वतः, माल उतरवतानाच तपासू शकता. ०.१ ग्रॅमचा काटा पुरे. तुकडा कोरडा तोला. मग बारीक नायलॉनच्या दोऱ्याने काट्याखालच्या हुकाला टांगून पाण्यात पूर्ण बुडवून तोला. भांड्याच्या तळाला किंवा कडेला लागता कामा नये, आणि अंगावरचे बुडबुडे ब्रशने झटका. हवेतलं वजन ८५० ग्रॅम, पाण्यातलं ८०० ग्रॅम आलं, तर घट ५० आणि घनता ८५० भागिले ५०, म्हणजे १७.०. गावगाड्यातल्या सोनारालाही ही युक्ती ठाऊक असते, आणि गंमत अशी की टंगस्टनच्या बाबतीत ती त्यालाच फसवते: शुद्ध टंगस्टनची घनता सोन्याच्या इतकी जवळ आहे की सोन्याच्या बिस्किटात टंगस्टन भरलं तर पाण्यातलं वजन काहीच बोलत नाही. तिथे अल्ट्रासाउंड लावावा लागतो, कारण आवाज सोन्यातून सेकंदाला सुमारे ३२०० मीटर जातो आणि टंगस्टनमधून ५२०० मीटर.

आता लेथ. हेवी अलॉय कापताना ग्रे कास्ट आयर्नची आठवण येईल: चिप तुकड्या-तुकड्यांची, लांब वळी नाही. फरक एवढाच की हे मटेरियल कास्ट आयर्नपेक्षा कितीतरी ताठ आहे, स्थितिस्थापकता गुणांक ३३० ते ३६० जीपीए, म्हणजे स्टीलच्या दीडपटीहून जास्त. ते दबत नाही, सगळा दाब टूलवर येतो. टूल होल्डर जाड, बाहेर कमीत कमी काढलेला, आणि इन्सर्ट के१० ते के२० जातीचा (बिडासाठी वापरतात ती कार्बाइड ग्रेड), पॉझिटिव्ह रेकचा, धारदार. रफिंगला ७० ते ९० मीटर प्रति मिनिट, फीड फेऱ्यामागे ०.२ ते ०.३ मिमी, खोली १ ते २.५ मिमी. ६० च्या व्यासाला ७५ मीटर म्हणजे ४०० आरपीएम. फिनिशला १०० मीटरच्या आसपास, फीड ०.१, खोली पाव ते अर्धा मिमी. इन्सर्टची धार गेली की तो कापायचं सोडून घासायला लागतो, ठिणग्या दिसतात, आणि मग कडा ढासळतात. ठिणगी दिसली की इन्सर्ट फिरवा, 'अजून एक जॉब निघेल' करू नका.

कडा हा इथला खरा शत्रू. टूल मटेरियलमधून बाहेर पडतं तिथे दाणे उपटले जातात आणि कड खडबडीत तुटते. त्यावर उपाय क्रमाचा आहे. बाहेरून आत फेसिंग करताना (तोंड सपाट करताना) टूल मधल्या भोकाच्या कडेवर बाहेर पडतं, म्हणून फेसिंग आधी, भोक नंतर. बाहेरच्या व्यासाचा शेवटचा कट घेण्याआधी दोन्ही कडांना चॅम्फर (तिरकी कड) पाडून ठेवा, म्हणजे टूल चॅम्फरमध्ये निघून जाईल. ड्रिल आरपार निघताना शेवटच्या दोन मिमीला फीड निम्मं करा, किंवा खाली एमएसची (साध्या स्टीलची) पट्टी घट्ट दाबून धरा आणि त्यातच ड्रिल जाऊ द्या. ड्रॉइंगमध्ये आतल्या कोपऱ्याला 'शार्प' लिहिलेलं असेल तर किमान अर्धा मिमी रेडियस मागून घ्या. या मटेरियलला खाच सोसत नाही, तडा तिथूनच सुरू होतो.

ड्रिल सॉलिड कार्बाइडचंच. एचएसएस (हाय स्पीड स्टील) चालतं, पण एक-दोन भोकांपुरतं. वेग ३०-३५ मीटर, फीड सतत. वर काढून थांबवून घासू देणं टाळा.

आणि आता ते चार आटे. या जॉबमध्ये तुकडा भंगारात गेलाच तर इथे जाईल. एम६ साठी आपण सवयीने ५.० चं ड्रिल मारतो, त्यातून सुमारे ७७ टक्के आटा येतो. हेवी अलॉयमध्ये तो टॅपला पेलत नाही. ५.२ मारा, म्हणजे आटा साठ टक्क्यांच्या आसपास राहतो. याच हिशेबाने एम५ ला ४.४ आणि एम८ ला ७.०. आटा उथळ झाला म्हणून घाबरायचं कारण नाही. मटेरियलची ताकद चांगल्या स्टीलच्या पंक्तीतली आहे, आणि खोली दीडऐवजी दोन व्यास ठेवली, म्हणजे एम६ ला १२ मिमी, की भरपाई होते. टॅप दोन किंवा तीन फ्लूटचा, स्पायरल पॉइंट, वेग मिनिटाला अडीच मीटर म्हणजे १३० आरपीएम, आणि साध्या कूलंटऐवजी टॅपिंगचं घट्ट तेल. पण व्हीएमसी आहेच, तर थ्रेड मिल (भोकात गोल फिरून आटा कोरणारं टूल) घ्या. वेळ जास्त जातो, टूल महाग आहे, तरीही. थ्रेड मिल तुटली तर तुकडा खाली पडतो. टॅप तुटला तर तो आत रुतून बसतो, मग स्पार्कवर काढा, आणि तोपर्यंत सव्वा किलोचा महाग तुकडा टेबलावर अडकून. आटे वारंवार उघडायचे असतील तर हेलिकॉइल (भोकात बसवायचा तारेचा आटा) सुचवा.

ग्राइंडिंगला डायमंड लागत नाही, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा हिरवं सिलिकॉन कार्बाइड व्हील चालतं. पण ओलं ग्राइंडिंग करा. कोरडी बारीक पूड पेट घेऊ शकते, शिवाय तिच्यात निकेल आहे, ते फुप्फुसात जायला नको. वायरकटने कापता येतं, फक्त पृष्ठभागावर वितळून थिजलेला पातळ, तडकलेला थर राहतो. ताण येणारा भाग असेल तर तो थर ग्राइंडिंगने काढून टाका. वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका: दाणे आणि पाक यांची घडीच मोडते. जोडायचंच असेल तर ब्रेझिंग, त्याहून बरं म्हणजे स्क्रू. ॲसिडच्या टाकीत सफाई करणाऱ्याकडे किंवा प्लेटिंगवाल्याकडे पाठवताना नीट सांगून पाठवा. त्यात हायड्रोजन परत आत शिरतो आणि भट्टीत काढलेला ठिसूळपणा माघारी येतो. काम संपल्यावर कूलंट धुऊन कोरडं करा. टंगस्टन गंजत नाही हा समज अर्धवट आहे, मिठाच्या हवेत पाक गंजतो. जॉब रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर बसणार असेल तर निकेल प्लेटिंग किंवा पेंट धरा, आणि प्लेटिंगनंतर भाजून हायड्रोजन काढायची अट घाला.

चकती बसवायची कशी, हेही ग्राहकाला विचाराच, कारण १२ मिमीचं भोक बघून शाफ्टवर प्रेस फिट असण्याची शंका येते. स्टील एका अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन फुगतं, हेवी अलॉय साडेपाचच. शाफ्ट तापला की तो आतून ठोकत राहतो आणि चकतीला ताण सोसत नाही. स्लाइडिंग फिट आणि चार स्क्रू, हेच योग्य.

हाच फरक उलट्या बाजूने क्रँकशाफ्टमध्ये भोवतो. क्रँकच्या काउंटरवेटमध्ये भोक पाडून हेवी अलॉयची खुंटी ठोकतात, इंजिन दुरुस्तीवाले तिला 'हेवी मेटल' म्हणतात. २५ मिमी व्यास आणि ३० मिमी लांबीची खुंटी २५० ग्रॅमची, पण तेवढ्याच भोकातून ११५ ग्रॅम स्टील काढलेलं असतं. खरी वाढ १३५ ग्रॅम. अनेकजण हिशेबात २५० धरतात आणि बॅलन्सिंग मशीनवर आकडा का जुळत नाही म्हणून डोकं खाजवतात. खुंटी ०.०२५ मिमी दाबून बसवली आणि क्रँक ८० अंशांनी तापला, तर भोक खुंटीपेक्षा ०.०१३ मिमी जास्त फुगतं. निम्मी पकड गेली. म्हणून ते भोक क्रँकच्या अक्षाला समांतर पाडायचं, म्हणजे फिरताना खुंटी भोकाच्या भिंतीवर दाबली जाते. त्रिज्येच्या दिशेने बाहेरून पाडलं तर ती बंदुकीच्या गोळीसारखी क्रँककेस फोडू शकते.

बोरिंग बारमध्ये स्टीलचा बार व्यासाच्या चौपट बाहेर काढता येतो, हेवी अलॉयचा साधारण सहापट. ताठरपणा दीडपट झाला तरी वजन दुप्पट होतं, त्यामुळे बारची स्वतःची कंपनगती वाढत नाही, उलट थोडी उतरते. त्यामुळे खूप लांब बोअरला अख्खा बार या धातूचा घेण्यापेक्षा आत डॅम्पर (कंपन शोषणारी यंत्रणा) असलेला बार बरा. गंमत म्हणजे त्या डॅम्परमधलं डोलणारं वजनही हेवी अलॉयचंच असतं.

पुणे-चाकण पट्ट्यात डाय-कास्टिंगवाले तुमचे पुढचे ग्राहक होऊ शकतात. जिथे एच१३ स्टीलची कोअर पिन (कास्टिंगमध्ये भोक सोडणारी खुंटी) ॲल्युमिनियमला चिकटून ओरबाडली जाते, तिथे टंगस्टन-निकेल-लोखंड-मॉलिब्डेनमची पिन टाकतात. ती उष्णता एच१३ पेक्षा कितीतरी भराभर ओढून नेते आणि वितळलेल्या ॲल्युमिनियमला सहज दाद देत नाही. दोन गोष्टी चुकतात. एक, डाय थंड असतानाच पूर्ण दाबाचा शॉट मारतात आणि पिन तडकते. आधी १५०-२०० अंशांना तापवायला हवी. दुसरं, एच१३ च्या ड्रॉइंगवरूनच पिन बनवतात. १०० मिमीची पिन २५० अंशांनी तापली तर एच१३ ची ०.३१ मिमी वाढते, ही फक्त ०.१३ मिमी. पिन आखूड पडून फटीत शिरलेल्या धातूच्या पापुद्र्याकडे (फ्लॅशकडे) बघून माणसं मशीनला दोष देत बसतात.

रेडिएशन शिल्डिंग हे सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. इरिडियम-१९२ चा मारा निम्मा करायला शिसं ४.८ मिमी लागतं, टंगस्टन ३.३ मिमी, कोबाल्ट-६० ला शिसं १२.५ आणि टंगस्टन ७.९. वेल्ड तपासणाऱ्या रेडिओग्राफीचे कॉलिमेटर (किरण हव्या त्या दिशेलाच सोडणारे), कर्करोगाच्या लिनॅक मशीनमधल्या पट्ट्या, किरणोत्सारी औषधाच्या सिरिंजचं कवच, सगळीकडे हेच. असं काम आलं तर भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मंजुरीचा विषय उपकरण बनवणाऱ्याकडून आधी स्पष्ट करून घ्या.

बाकीचे प्रकार नावाने सारखे, कामाने वेगळे. टंगस्टन-तांबं ही मिश्रधातू म्हणायची, पण दोन्ही एकमेकांत विरघळतच नाहीत. टंगस्टनच्या सच्छिद्र सांगाड्यात तांबं मुरवतात. ७०-३० ची घनता १४ च्या आसपास, म्हणून तुमच्या ड्रॉइंगला ती लागू नाही. स्पार्कच्या इलेक्ट्रोडला आणि एसएफ६ वायूच्या हाय-व्होल्टेज ब्रेकरच्या आर्क सोसणाऱ्या काँटॅक्टला ती लागते: आर्क पेटला की तांबं वाफ होऊन उष्णता घेऊन जातं, सांगाडा तसाच राहतो. टंगस्टन-ऱ्हेनियम थर्मोकपलमध्ये आणि एक्स-रे ट्यूबच्या अ‍ॅनोडवर. टिग वेल्डिंगच्या लाल टोकाच्या कांडीत २ टक्के थोरियम ऑक्साइड असतं. ते किरणोत्सारी आहे, टोक घासताना धूळ नाकात जाते, तेव्हा सोनेरी किंवा निळ्या टोकाची लँथनमची कांडी घ्या.

दर लावताना सुरुवात वजनापासून करा. तुमची चकती भोक वजा जाता सुमारे ६८ घन सेंटीमीटर, म्हणजे तयार वजन सुमारे १.२ किलो, तीच स्टीलची अर्धा किलोच भरली असती. मटेरियल किलोवर विकत घ्यायचं आहे आणि भाव स्थिर नाही. जगातल्या उत्पादनाचा फार मोठा हिस्सा चीनकडे आहे आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी टंगस्टनच्या काही पदार्थांवर निर्यात-नियंत्रण घातलं. आपल्याकडे राजस्थानात देगाणा आणि विदर्भात नागपूर जिल्ह्यातला कुही-खोबना पट्टा ही नावं कागदावर आहेत, त्यावर तुमचा ब्लँक येणार नाही. कोटेशनची मुदत सात दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. जमलं तर ब्लँक ग्राहकाकडूनच घ्या आणि रिजेक्शनची जबाबदारी किती तुकड्यांपर्यंत कोणाची, हे लिहून घ्या. नमुन्याच्या ऑर्डरला एक ब्लँक जास्त मागा, त्यावर फक्त आटे करून बघा. आणि लेथखाली वेगळा ट्रे ठेवा: या कीसाला किलोवर चांगला भाव मिळतो, पण त्यात एसजी आयर्न किंवा ॲल्युमिनियम मिसळलं की भंगारवाला तो लोखंडाच्या भावातच उचलतो.